फोरमवर नऊ वर्षांनी

पिठाचे हात तसेच ठेवून शाहीन मुलाणीने लोखंडे मॅडमना फोन लावला. मॅडमचा ऑनलाइन वर्ग आता तीच शिकवत होती.

"मॅडम, नऊ वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या फोरमवरची चर्चा साडेचार प्रकाशवर्षांवरच्या त्या ताऱ्याकडे रेडिओनं पाठवली होती ना? माझ्या मुद्द्याला तिकडून उत्तर आलंय."

"तुझा मुद्दा काय होता?"

"विश्वात आपण एकटे नाही."

"आणि उत्तर?"

"सहमत. एवढंच."

मॅडमनी फोरम उघडला आणि आयुष्यभर विद्यार्थ्यांना लिहिलं तेच ताऱ्याला लिहिलं : नुसतं सहमत चालणार नाही, कारणं द्या.

मग त्या फोनवर म्हणाल्या, "जायला साडेचार, यायला साडेचार, म्हणजे आता पुन्हा नऊ वर्षं. मी तेव्हा एक्क्याऐंशीची असेन. तोवर फोरम बंद करू नकोस."