महाराजांचा कौल

एक पायरी उतरायला सासूबाईंना अकरा सेकंद लागत होते. शाळेत विज्ञान शिकवणारी सून मनातल्या मनात मोजत होती. महाराजांची समाधी खाली नदीकाठी, अजून चाळीस पायऱ्यांवर होती. “आई, गुडघ्यांचं ऑपरेशन करून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी वरूनच नमस्कार.” “महाराजांनी कौल दिला की करीन,” सासूबाईंनी पाच वर्षं जुनं उत्तर दिलं. तेवढ्यात आश्रमाची बाग शिंपणाऱ्या आजी भरली बादली घेऊन झपझप वर आल्या. सासूबाईंनी कठड्याला टेकून विचारलं, “वय काय हो तुमचं?” “माझं ब्याऐंशी,” आजी हसल्या, “गुडघ्यांचं तीन. दोन्ही नवे बसवलेत.” “दुखलं का हो?” “दुखलं की! महिनाभर डॉक्टरांना शिव्या घातल्या. आता रोज समाधीवर त्यांच्या नावानं फूल वाहते.” सासूबाई समाधीकडे बघत राहिल्या, मग खुदकन हसल्या. “सूनबाई, ऑपरेशनची तारीख घे.”