न शोधलेला चौकोन

"पाचव्या रांगेतला चौथा चौकोन. गेला होतात?"

"गेलो."

"काय दिसलं?"

"काय न्हाय गं बाय. पाणीच पाणी." सदाकाकानं डोळे चोळले. परवापासून तो झोपला नव्हता. थळच्या किनाऱ्यावर कोणीच धड झोपलं नव्हतं.

राहीनं लॅपटॉपवर 'ट्रू' टाइप केलं.

तिचे बाबा बुधाजी वारं सुटलेलं असताना एकटेच होडी घेऊन गेले, ते परतलेच नव्हते. तीन बोटी त्यांना शोधत होत्या. पण कोणी कुठे बघितलं याचा नुसता गोंधळ! राही अलिबागच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकत होती. तिनं सरळ नकाशावर समुद्राचे चौकोन पाडले. प्रत्येक बोटीची एक मॅट्रिक्स, म्हणजे चौकोनांचा तक्ता. बोट गेली असेल तिथं ट्रू, नसेल तिथं फॉल्स.

दुसऱ्या दोन बोटींवरच्या हितेशदादा आणि दादूमामा यांना तिनं आधीच एकेकटं बसवून विचारलं होतं. एकमेकांचं ऐकून कोणी होला हो करायला नको! आता सदाकाकाचेही चौकोन भरून झाले.

"पास की नापास आम्ही?" हितेशनं विचारलं. कोणी हसलं नाही. राहीची आई, कमळ, किटली घेऊन सगळ्यांना चहा देत होती.

"आता बघा हं," राही म्हणाली. "तिन्ही मॅट्रिक्स एकावर एक ठेवायच्या आणि मध्ये 'किंवा' लावायचं. एक जरी बोट गेली असेल, तरी चौकोन ट्रू. कोणीच गेलं नसेल, तरच फॉल्स."

तिनं एंटर दाबलं.

ट्रू, ट्रू, ट्रू. रांगांमागून रांगा. राही एकेक रांग खाली सरकवत गेली. आणि मग, एकच फॉल्स!

"आई, हा बघ! खांदेरी बेटाच्या अलीकडचा! एवढा एकच राहिलाय. बाबा इथंच असणार! काका, डिझेल आहे ना? चला ना!"

कोणी उठलं नाही. हितेश कपात बघत राहिला. दादूमामानं तोंड फिरवलं.

"दमलात, कळतंय मला. पण एकच तर चौकोन! आणि कमाल म्हणजे, तो तुमच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच आहे!"

कमळनं किटली खाली ठेवली.

"सदाभावजी," ती हळूच म्हणाली, "वाटेवरचा चौकोन तिघांच्याही नजरेतून सुटला?"

सदानं हातातला कप वाळूत ठेवला. मग म्हणाला,

"सुटला न्हाय, वयनी. गेलोच न्हाय म्हटलं तिघांनी. तिथं काय न्हाय दिसलं, असं खोटं पोरीला सांगवलं न्हाय."