रेषेच्या अलीकडे

दुसऱ्यांदा लाल झेंडा वर गेला. भाला गेला होता सगळ्यांच्या पुढे. पण फेकीच्या झोकात बगळीचा पाय पांढऱ्या रेषेपलीकडे पडला. फेक बाद. आता एकच फेक उरली होती, आणि राष्ट्रीय संघात जागाही एकच.

दुखणं जुनंच होतं. हातात बळ मुबलक, पण भाला सुटला की अंग पुढे कोलमडायचं. म्हणून नव्या प्रशिक्षक बाईंनी पहिल्याच दिवशी भाला कपाटात ठेवून कुलूप घातलं. पाच महिने पोरगी मऊ गादीवर एका पायावर उभी राहिली, डोळे मिटून. कोपरांवर अंग तोलून फळीसारखी ताठ राहिली. बाई पाठीवर पाण्याची वाटी ठेवायच्या. सांडली की पुन्हा पहिल्यापासून. मैदानावरच्या पोरींनी तिचं नाव बगळी पाडलं. एकदा तर ती रडकुंडीला आली. "बाई, मी भाला फेकायला आलेय, उभी राहायला नाही!"

"उभं राहता आलं की ये भाला मागायला."

चावी मिळून जेमतेम दोन महिने झाले होते, आणि शिकलेलं सगळं आज घाईघाईत हवेत विरलं होतं.

तिने कुंपणाकडे पाहिलं. बाईंनी फक्त स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

बगळीने श्वास घेतला. धावली. भाला सुटला, पाठोपाठ अंग झेपावलं. उजवा पाय रेषेच्या चार बोटं अलीकडे टेकला. डोकं, खांदे, हात, सगळं पलीकडे झुकलेलं. पोट आवळलं. कंबर घट्ट झाली. कुणीतरी मागून धरून ठेवावं तशी ती त्या एका पायावर थांबली. डुगडुगली. सावरली. मग सावकाश मागे आली.

पांढरा झेंडा.

फलकावर आकडा झळकला आणि मैदान दणाणलं. पहिली! आजवर एवढा लांब भाला तिने कधीच फेकला नव्हता. ती धावतच कुंपणाशी गेली. बाईंची मान ताठ होती, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचं त्यांना भानच नव्हतं.

"बाई, पाहिलात ना भाला कुठवर गेला?"

"भाला कुणी पाहिला गं?" बाई म्हणाल्या. "मी तुझे पाय बघत होते."