आगारीला वारा

ब्लोअर घुरघुरत होता, चूल एका दमात पेटली होती, आणि हेमलताबाई तिच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

"पितरांच्या सैपाकाले मशीन," त्या भिंतीला म्हणाल्या. "अंजनी पाहून राहिली असंन तर हसत असंन."

"हसू दे," गुणवंत म्हणाला. "रडण्यापेक्षा बरं."

गुणवंतची बायको अंजनी गेल्यानंतरची ही पहिली अक्षय तृतीया. घरात तिला आखाजी म्हणत. अंजनीच्या नावाचा स्वयंपाक रांझी वस्तीतल्या घराच्या मागच्या अंगणात चालला होता, गॅसवर नाही, चुलीवर. सून क्षमा वडे तळत होती. ब्लोअर मुलानं, अंकुरनं, कमानिया गेटजवळच्या बाजारातून आणला होता. पत्र्याचा डबा, आत पंखा, पुढे हातभर लोखंडी नळी. नळीचं तोंड लाकडांकडे केलं की फुंकावं लागत नव्हतं.

"आत्या, देखो ना, धूर आहे कुठं?" अंकुर म्हणाला.

"धूर नाही तर चूल कायची? पंखाच लाव अन् पंख्यावर पोळ्या भाज." गुणवंतची ही थोरली बहीण मलकापूरहून मुद्दाम आली होती, आणि ऐकून घ्यायला आली नव्हती. "वडे तळा, पुरण शिजवा, मी बोलत नाही. आगारीच्या वेळी मात्र हे बंद. आगारीले वारा घालायचा नसते. ज्याचा घास, तो येऊन घेते."

गुणवंतनं मान हलवली. आगारीची रीत त्यालाही ठाऊक होती. गेलेल्या माणसाच्या नावानं निखाऱ्यावर घास ठेवायचा, वर तूप सोडायचं. आपोआप जाळ झाला, की त्या माणसानं घास घेतला. मग घरच्यांनी जेवायचं. तोवर कुणी नाही.

स्वयंपाक उरकला. अंकुरनं ब्लोअर बंद केला. गुणवंतनं चुलीतले निखारे पुढे ओढले. त्यावर पुरणपोळीचा तुकडा ठेवला, अर्धा वडा ठेवला, तूप सोडलं आणि तिचं नाव घेतलं. त्यानं खाकरून पुन्हा घेतलं, नीट.

धूर निघाला. जाळ झाला नाही.

त्यानं आणखी तूप सोडलं. धूर वाढला. पोळीची कड काळी झाली आणि तेवढ्यावरच थांबली. निखाऱ्यांवर राख धरू लागली.

"रुसली," हेमलताबाई म्हणाल्या. "काही तरी राहून गेलं तिचं. कबूल कर गुणवंता, जे असंन ते."

"बाबा," अंकुर हळूच म्हणाला, "बोल दो ना. भोपाळला आमच्याकडे येतो म्हणून सांगा. आईची तीच इच्छा होती."

"आईची का तुझी?"

"दोघांची. इथं अकेले काय करून राहिले तुम्ही?"

"पाहा, पोरगं बरोबर बोलून राहिलं," हेमलताबाई म्हणाल्या. "म्हणून टाक. घर काही आजच सोडायचं नाही. तिचा जीव तरी मोकळा होईन."

गुणवंत निखाऱ्यांकडे पाहत राहिला. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. हो म्हटलं असतं तर कदाचित जाळ झालाही असता. मग ते 'हो' तिनं मानून घेतलेलं ठरलं असतं, आणि मागे फिरता आलं नसतं.

"तिच्या घासावर माझा सौदा करू नका," तो म्हणाला. "मी इथंच राहणार. हे तिले पहिलेपासून माहीत आहे. याच्यापायी ती उपाशी बसणार नाही."

वारा फिरला. धूर क्षमाच्या तोंडावर गेला. ती खोकली, ओढणी तोंडाला लावली, आणि निखारा विझतोय असं पाहून फुंकायला खाली वाकली.

"फुंकू नोको," हेमलताबाई म्हणाल्या. "उष्टं होते."

क्षमा तशीच वाकलेली राहिली. डोळ्यांतून पाणी, चेहरा लाल, एक हात जमिनीवर टेकलेला. गुणवंतनं तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"उठ बेटा," तो म्हणाला. "सरक तिकडं."

तो गुडघ्यावर हात ठेवून उठला. भिंतीशी ठेवलेला ब्लोअर उचलून त्यानं चुलीपाशी आणला आणि नळीचं तोंड निखाऱ्यांकडे केलं.

"गुणवंता, काय करून राहिला? तिच्या आगारीले मशीन लावतं?"

"लावतो."

"अरे, तिनं यावं लागते. तिनं घ्यावं लागते."

"बाई, जन्मभर या घरातला विस्तव तिनंच फुंकला. आज तिचाच घास, अन् आजही तिनंच येऊन पेटवायचा काय?"



त्यानं बटण दाबलं. आधी राख उडाली आणि हेमलताबाईंच्या मांडीवर पसरली. मग निखारे लाल झाले, पिवळे झाले, आणि तुपावर जाळ आला. पोळी पेटली. वडाही पेटला. धूर सरळ वर गेला आणि नाहीसा झाला.

"पानं वाढ," तो क्षमाला म्हणाला. "सगळ्यांची."

कुणी लगेच हललं नाही. गुणवंतही जागचा उठला नाही. घास पुरा जळेपर्यंत त्यानं नळी एका जागी धरून ठेवली आणि जाळाला म्हणाला, "सावकाश जेव. उठायचं नाही तुले."