पढवलेली साक्ष

व्हिडिओ मुलाखत घेणारं यंत्र पाठ केलेलं उत्तर चटकन ओळखून उमेदवाराला बाद करायचं. म्हणून सांगलीचे शिरगुप्पे वकील आपल्या मुलीला, पद्मजाला, अडखळायला शिकवत होते. साक्षीदार पढवण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता.

"आधी वर पंख्याकडे बघायचं, आवंढा गिळायचा, मग बोलायचं."

महिनाभर घरात हेच चाललं. शेवटी नागपूरच्या फर्मने तिला शिकाऊ वकील म्हणून घेतलं.

ती बॅग भरत असताना त्यांनी सहज विचारलं, "मनापासून जातेयस ना? की माझ्यासाठी?"

पद्मजाने वर पंख्याकडे पाहिलं, आवंढा गिळला.

"मनापासून, पप्पा."

दुसऱ्यांनी पढवलेला साक्षीदार शिरगुप्पे एका नजरेत ओळखत. आज त्यांना काही उमगेना, आणि उलटतपासणी घ्यायचा धीरही होईना.