तिसरा दोरा

त्याच फुलाच्या देठाला तिसरा दोरा होता.

मघाशी दोनच होते. त्याने बोट लावून मोजले, पुन्हा मोजले. परसात दुसरं कोणीच नव्हतं. झाडाच्या पलीकडे स्टुलावर बायको बसली होती, हातात ब्रश.

"अगं, त्याच फुलाला किती वेळा?"

"झालं असेल माझ्याकडून," ती म्हणाली. हल्ली ती असंच म्हणायची. वाद नाही, काही नाही.

हनुमानफळाचं झाड म्हणजे नखरेल जात. फूल उमलताना मादी असतं, दुसऱ्या संध्याकाळी नर होतं. एकाच घरात राहून दोघांची भेट नाही. म्हणून संध्याकाळी पराग डबीत झाडून घ्यायचे, फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळी ब्रशने नव्या फुलांत फिरवायचे. ज्या फुलाचं काम झालं, त्याच्या देठाला पांढरा दोरा. नियम तिचाच, ती शिवणकाम करायची तेव्हाचा. इतक्या वर्षांत एका देठाला दुसरा दोरा कधी पडला नव्हता.

त्याने पोलिसासारखे पुरावे जमवले होते. चहात दोनदा साखर. गॅस तसाच चालू. परागाची डबी चपलांच्या कपाटात. आता तर स्वयंपाकही त्यालाच करावा लागे, तिची वेणी त्यालाच घालावी लागे, स्वेटरची बटणंही त्यालाच लावावी लागत. घरात काही बिघडलं की बाईचं डोकं फिरलं म्हणायला पुरुषाला वेळ लागत नाही. त्यालाही लागला नाही. पण तो घाबरला होता हे खरं. उद्या हिला कुठे नेऊन ठेवायची वेळ आली तर?

मुलगी आली ती गाडीची किल्ली हातात घेऊनच.

"चार वाजताची वेळ मिळालीये डॉक्टरांची. आईला तयार करा."

"आधी हे बघ. एकाच देठाला तीन दोरे!"

"बाबा, सकाळपासून फोनवर तीनदा सांगितलंत हे."

"तीनदा?" तो चिडला. "एकदाच केलाय फोन! जीव टांगणीला लागलाय इथे माझा, आणि तुला चेष्टा सुचतेय!"

मुलीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग फांदी खाली ओढून आईसमोर धरली.

"आई, यातला एक दोरा सोड बघू."

"राहू दे गं."

"सोड ना."

आईने ब्रश मांडीवर ठेवला. लहान मुलासारखा तिने तो मुठीत धरला होता. सांधे सुजून तिची बोटं आल्याच्या कुड्यांसारखी वेडीवाकडी झाली होती. दोरा तिच्या चिमटीत येईना. एकदा निसटला, दोनदा निसटला.

"सरक, मी सोडतो," तो सवयीने पुढे झाला. "दोन वर्षं झाली, बटण लावता येत नाही तुला. तू गाठ कुठली मार..."

त्याचा हात खिशाकडे गेला. खिशात दोऱ्याचं रीळ होतं.

"मीच मारल्या हो," ती घाईघाईने म्हणाली. "मीच विसरले."