मागचा तुकडा

लेकीने बाबांनी स्वतः शिवून ठेवलेला नमुन्याचा कपडा उलटा करून पाहिला आणि ती मटकन स्टुलावर बसली.

"बाबा, याला मागची बाजू आहे!"

"असायलाच हवी," मास्तर म्हणाले. "त्या दुकानवाल्या बाईंनी पाठवलेल्या कागदी साच्यात मागचा तुकडाच नव्हता. वाटेत कुठेतरी गळाला असेल. मग मीच आखला. दोनशेच्या दोनशे कापले आणि तुझ्या आईकडे शिवायला दिले."

चाळीस वर्षं आतले कपडे कापणारा माणूस. मास्तरांच्या नजरेतून काही सुटत नाही असं सगळा बाजार म्हणे, आणि बाजाराच्या आधी ते स्वतः म्हणत. पण गेले तीन महिने घरच्या कारखान्यातली मशिनं धूळ खात पडली होती. लेकीने दहा उंबरठे झिजवून ही एक ऑर्डर आणली होती. पोहायला जाताना घालायचे थाँग. पुढे तळहाताएवढं कापड, मागे नुसती पट्टी. माल पसंत पडला तर उन्हाळाभर काम, नाही तर मशिनं विकायची, हे घरात ठरून गेलं होतं. आणि मास्तरांनी तेच मागून चांगलं ऐसपैस, अब्रूदार करून ठेवलं होतं.

"तुकडा गळाला नव्हता, बाबा. तो नसतोच. सध्या हेच खपतं. आणि सध्या तरी कसलं? माणसाने पहिल्यांदा अंगाला काही गुंडाळलं, ते एवढंच होतं."

"मग पुढे शिंपी कशाला जन्माला आले?"

लेकीला हसावं की रडावं कळेना. कोपऱ्यात आई मशिनवर वाकून दुसरंच काहीतरी शिवत होती. मालाचं खोकं तिने कालच चिकटपट्टी लावून बंद केलं होतं.

"आई, तू तरी बोलायचंस!"

आईने तोंडातल्या टाचण्यांकडे बोट दाखवलं आणि पुन्हा मशिन चालू केलं.

तेवढ्यात दुकानवाल्या बाई आल्याच. दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी. मास्तर पुढे सरसावले, घसा खाकरून म्हणाले, "त्याचं असं आहे बाई, साच्यात एक चूक होती..." पण बाईंना ऐकायला सवड नव्हती. त्यांनी चर्रकन पट्टी ओढली आणि खोकं उघडलं. लेकीने डोळे मिटून घेतले. आता ओरडा, मग परत पाठवणं, मग मशिनं बघायला येणारी माणसं, सगळं तिला दिसायला लागलं.

ओरडा काही आला नाही.

"बरोब्बर साच्याबरहुकूम," बाई म्हणाल्या. त्यांनी एक नग उलटला, पट्टीवरून बोट फिरवलं. "आणि हा जोड आत वळवून चपटा केलाय? हे आमच्या साच्यात नव्हतं. इथेच काचतं म्हणून बायका माल परत आणतात हो! मला असेच आणखी हजार हवेत."

माल न्यायला माणूस पाठवते म्हणून त्या गेल्या. लेक आईच्या गळ्यात पडली. मास्तर मात्र खोक्यात हात घालून एकेक नग उजेडात धरत राहिले. एकालाही मागची बाजू नव्हती.

"मी लावलेलं कापड कुठे गेलं?"

आईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या. "शिवताना छाटलं. तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा कात्री चालवलेली बरी."

"पण याला मागे काही नसतं हे तुला कसं ठाऊक? आणि काचतं कुठे, ते कुणी सांगितलं?"

"सांगायला कुणी कशाला हवं? तीस वर्षं मी हेच घालतेय. तुमच्या कातरणातून याहून मोठं निघतं कुठे!"